जॉर्ज इंगल फिंच

जॉर्ज इंगल फिंच (४ ऑगस्ट, इ.स. १८८८ – २२ नोव्हेंबर, इ.स. १९७०) हे ऑस्ट्रेलियात जन्मलेले ब्रिटिश भौतिक रसायनशास्त्रज्ञ व गिर्यारोहक होते. अतिउंचीवरील चढाईत कृत्रिम प्राणवायूचा उपयोग होतो हे प्रत्यक्ष एव्हरेस्टवर सिद्ध करणारे ते पहिले गिर्यारोहक होत. पक्ष्यांची मऊ पिसे भरलेला, आज जगभरचे गिर्यारोहक वापरतात त्या प्रकारचा उबदार कोटही त्यांनीच १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेसाठी प्रथम तयार करवून घेतला. १९५२ ते १९५७ या काळात ते पुण्यातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक होते.

गिर्यारोहणाच्या इतिहासात फिंच यांचे नाव मॅलरी किंवा हिलरी यांच्याइतके घेतले जात नाही. हिमालयात जाणाऱ्यांच्या सामानावर मात्र त्यांच्या कामाची छाप या दोघांपेक्षाही अधिक आहे.

बालपण आणि शिक्षण

फिंच यांचा जन्म ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स प्रांतात ऑरेंज या गावाजवळ झाला. त्यांचे वडील चार्ल्स एडवर्ड फिंच हे जमीनदार होते व प्रांताच्या जमीन न्यायालयाचे अध्यक्षही होते. आई लॉरा वयाने वडिलांपेक्षा बरीच लहान होती. तिचा ओढा युरोपातील कला, संगीत आणि अध्यात्मविषयक चळवळींकडे होता. इ.स. १९०२ मध्ये हे कुटुंब युरोपात आले. काही काळाने वडील ऑस्ट्रेलियाला परतले. आई मात्र मुलांसह पॅरिसमध्येच राहिली. जॉर्ज आणि त्यांचा धाकटा भाऊ मॅक्स यांना चढाईची गोडी याच वयात लागली.

जॉर्ज यांनी पॅरिसमध्ये प्रथम वैद्यकशास्त्राचा अभ्यास सुरू केला, परंतु त्यात मन न रमल्याने तो सोडून ते स्वित्झर्लंडमधील झुरिक येथील तंत्रविद्यापीठात रसायनशास्त्र शिकण्यासाठी गेले. तेथे ते १९११ पर्यंत होते. झुरिकमधील विद्यार्थी गिर्यारोहकांच्या मंडळाचे ते अध्यक्ष झाले. त्या काळी इंग्लंडमधून आल्प्समध्ये येणारे बहुतेक गिर्यारोहक स्थानिक वाटाड्या बरोबर घेत. पायऱ्या खोदणे, दोर बांधणे, वाट ठरवणे ही कामे वाटाड्या करी. झुरिकच्या विद्यार्थ्यांजवळ वाटाड्यासाठी पैसे नसत, त्यामुळे ती सर्व कामे त्यांना स्वतःलाच करावी लागत. पाठीवर काय घ्यायचे आणि काय मागे ठेवायचे याचा हिशेब करण्याची सवय फिंच यांना येथेच लागली असावी. सफाईदार जर्मन भाषाही ते येथेच शिकले. पहिल्या महायुद्धानंतरच्या इंग्लंडमध्ये ही गोष्ट त्यांच्या फायद्याची ठरली नाही.

१९१२ मध्ये ते इंग्लंडला आले. वूलिच येथील शस्त्रागारात थोडा काळ संशोधक म्हणून काम केल्यावर पुढील वर्षी ते लंडनच्या इंपिरिअल कॉलेजमध्ये रुजू झाले. मध्यंतरीचा युद्धकाळ वगळता पुढची जवळजवळ चाळीस वर्षे त्यांनी तेथे काढली. महायुद्धात ते तोफखान्यात आणि नंतर दारूगोळा विभागात होते. फ्रान्स, इजिप्त व मॅसिडोनिया येथे त्यांनी सेवा केली व कॅप्टनच्या हुद्द्यापर्यंत पोहोचले.

१९२१ ची मोहीम आणि ऑक्सफर्डमधील प्रयोग

युद्ध संपल्यावर रॉयल जिऑग्राफिकल सोसायटी आणि अल्पाइन क्लब या दोन संस्थांनी मिळून एव्हरेस्ट समिती स्थापन केली. १९२१ मध्ये तिबेटच्या बाजूने पर्वताची पाहणी करण्यासाठी पहिली मोहीम पाठवायचे ठरले. बर्फावरील चढाईत फिंच यांच्या तोडीचे फार थोडे गिर्यारोहक त्या वेळी इंग्लंडमध्ये होते, त्यामुळे त्यांची निवड झाली. मात्र प्रस्थानापूर्वीच्या वैद्यकीय तपासणीत त्यांना अपात्र ठरवण्यात आले.

या निर्णयाबद्दल नंतर बरेच लिहिले गेले आहे. तपासणीनंतर काही दिवसांतच फिंच ऑक्सफर्ड विद्यापीठात प्राध्यापक जॉर्जेस ड्रेयर यांच्या कमी दाबाच्या कोठडीत बसले. ड्रेयर यांनी युद्धात वैमानिकांच्या प्राणवायूवर काम केले होते. कोठडीतील हवा सुमारे २१,००० फूट (६,४०० मीटर) उंचीइतकी विरळ करण्यात आली. फिंच यांनी पाठीवर ओझे घेऊन खुर्चीवर चढण्या-उतरण्याचा व्यायाम केला, आधी प्राणवायूशिवाय आणि मग प्राणवायू घेऊन. विरळ हवा सहन करण्याची त्यांची क्षमता असामान्य असल्याचे ड्रेयर यांना आढळले. त्याच उन्हाळ्यात फिंच यांनी आल्प्समध्ये कठीण चढाया केल्या. अपात्रतेचा निर्णय केवळ वैद्यकीय नव्हता, असे अलीकडच्या बहुतेक अभ्यासकांचे मत आहे. फिंच वसाहतीत जन्मलेले होते, परदेशात शिकलेले होते आणि घटस्फोटित होते. शिवाय समोर कोण आहे हे न पाहता ते स्पष्ट बोलत. समितीचे सचिव आर्थर हिंक्स यांच्याशी त्यांचे कधीच जमले नाही.

ऑक्सफर्डची भेट आणखी एका दृष्टीने महत्त्वाची ठरली. विरळ हवेत प्रायमस स्टोव्ह नीट पेटतो का, हा तेथे तपासायच्या प्रश्नांपैकी एक होता. उंचावर पिण्याचे पाणी बर्फ वितळवूनच मिळवावे लागते, म्हणून स्टोव्ह विझला की माणसाचे पाणी तुटते. फिंच यांच्या लेखी स्टोव्ह, कपडे आणि प्राणवायू हे वेगवेगळे विषय नव्हते. शरीराला उष्णता, पाणी आणि प्राणवायू किती लागतो आणि तो वाहून नेण्यासाठी किती वजन खर्ची पडते, हा एकच हिशेब ते मांडत होते.

१९२१ च्या मोहिमेत प्राणवायूच्या प्रश्नाचे खरे जाणकार अलेक्झांडर केलास होते. त्यांनी १९२० मध्ये गढवालमधील कामेट शिखरावर असे प्रयोग केले होते. परंतु एव्हरेस्टच्या वाटेवर तिबेटमध्ये कांपा झोंगजवळ ५ जून १९२१ रोजी त्यांचे निधन झाले. पुढील वर्षीच्या मोहिमेसाठी फिंच यांना बोलावणे अपरिहार्य झाले.

साधनांची तयारी

१९२२ च्या मोहिमेसाठी तयार झालेला प्राणवायूचा संच पाठीवर घेण्याच्या लोखंडी चौकटीत बसवलेला होता. तीत पोलादाची चार नळकांडी असत. प्रत्येकात सुमारे १२० वातावरणांच्या दाबाखाली साधारण २४० लिटर प्राणवायू भरलेला असे. दाब कमी करणारी झडप, प्रवाह दाखवणारे मापक, रबरी नळ्या आणि तोंडावरचा मुखवटा धरून संचाचे वजन जवळपास ३२ पौंड (१४.५ किलो) भरे. मिनिटाला दोन लिटरांहून थोडा अधिक वायू घेतला तर चार नळकांडी सहा-सात तास पुरत.

वाद या वजनावरच होता. ज्या उंचीवर रिकाम्या अंगाने चालणेही कठीण, तेथे पंधरा किलो लोखंड पाठीवर घेऊन जाणे हा वेडेपणा आहे असे विरोधक म्हणत. फिंच यांचे उत्तर हिशेबाचे होते. एव्हरेस्टच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या एक तृतीयांशाच्या आसपास असतो. तेथे शरीराची काम करण्याची शक्ती इतकी घटते की प्राणवायूमुळे परत मिळणारी शक्ती ओझ्यासाठी लागणाऱ्या शक्तीपेक्षा पुष्कळ अधिक ठरते. शिवाय रिकामे झालेले नळकांडे टाकून देता येते, म्हणजे वाट जसजशी अवघड होते तसतसे ओझे हलके होत जाते.

दुसरा आक्षेप नैतिक स्वरूपाचा होता. कृत्रिम प्राणवायू घेऊन पर्वत जिंकणे ही फसवणूक आहे असे अनेकांना वाटे. सुरुवातीला जॉर्ज मॅलरी यांचाही कल याच बाजूला होता. लोकरीचे कपडे, थर्मासमधला गरम चहा किंवा खिळे ठोकलेले बूट हेही माणसाने केलेलेच उपाय आहेत. मग रेषा नेमकी प्राणवायूपाशीच का ओढायची, असा फिंच यांचा युक्तिवाद होता. हा वाद आजही पूर्णपणे मिटलेला नाही.

पिसांचा कोट हा त्यांचा दुसरा उपक्रम होता. मोहिमेतील इतर सदस्य लोकर, ट्वीड आणि रेशमाचे थर अंगावर घालत आणि पायांना पट्ट्या गुंडाळत. फिंच यांनी बलूनसाठी वापरले जाणारे, वारा आत न येऊ देणारे हिरव्या रंगाचे पातळ कापड घेतले. त्याच्या दोन थरांमध्ये आयडर जातीच्या बदकाची पिसे भरून रजईसारखे टाके घालून लांब कोट शिवून घेतला. पिसांमध्ये अडकून राहिलेली हवा उष्णता बाहेर जाऊ देत नाही आणि बाहेरचे कापड वारा अडवते, एवढीच त्यामागची कल्पना होती. टाक्यांमुळे पिसे एका जागी गोळा होत नाहीत. दुलईत झोपणाऱ्या कोणालाही हे तत्त्व ठाऊक होते. ती दुलई अंगावर चढवून डोंगरावर चालण्याचा विचार मात्र तोवर कोणी केला नव्हता. सहकाऱ्यांनी कोटाची पुष्कळ थट्टा केली. तिबेटच्या पठारावरील वारा सुरू झाल्यावर ती थट्टा थांबली.

१९२२ ची मोहीम

जनरल चार्ल्स ब्रूस यांच्या नेतृत्वाखालील मोहीम मार्च १९२२ च्या अखेरीस दार्जिलिंगहून निघाली. प्राणवायूचे सामान उशिरा पोहोचल्यामुळे फिंच यांना मागे थांबावे लागले. सिक्कीममधून तिबेटच्या पठारावर, तेथून कांपा झोंग आणि शेकर झोंगमार्गे रोंगबुक खोऱ्यापर्यंत असा हा सुमारे पाच आठवड्यांचा प्रवास होता. सगळे सामान खेचरे, तट्टू आणि याक यांच्या पाठीवर लादलेले होते. १ मे रोजी हिमनदीच्या तोंडाशी सुमारे १६,५०० फुटांवर मुख्य तळ पडला.

तळावर खोकी उघडली तेव्हा प्राणवायूच्या संचांची अवस्था वाईट होती. हादऱ्यांनी सांधे ढिले झाले होते. पठाराच्या कोरड्या हवेत वॉशर आकसून वायू गळत होता. मुखवट्यांत तर श्वास घेणेच अशक्य होते. लंडनच्या कार्यशाळेत निर्दोष ठरलेली वस्तू याकच्या पाठीवरून महिनाभर हेलकावे खात गेल्यावर निर्दोष राहीलच असे नाही, हे या मोहिमेने शिकवले. फिंच यांनी तंबूबाहेरच्या थंडीत बसून सांध्यांना डाख दिले आणि गळती बंद केली. निरुपयोगी मुखवट्यांऐवजी त्यांनी काचेची त्रिमुखी नळी आणि खेळण्यातल्या फुटबॉलचे रबरी ब्लॅडर जोडून नवीच रचना केली. चढणाऱ्याने नळी दातांत धरायची, श्वास सोडताना ती चावून बंद करायची. तेवढ्या वेळात आलेला वायू ब्लॅडरमध्ये साठे आणि पुढच्या श्वासाबरोबर आत जाई. वायू वाया जात नसे आणि तोंडावर बर्फही साचत नसे. श्वास सोडतानाचा वायू पिशवीत साठवण्याचे हे तत्त्व नंतरच्या साधनांतही दिसते.

दरम्यान मॅलरी, सॉमरव्हेल, नॉर्टन आणि मॉर्सहेड यांनी प्राणवायूशिवाय पहिला प्रयत्न केला. पहिले तिघे २१ मे रोजी २६,९८५ फुटांपर्यंत (८,२२५ मीटर) पोहोचले. तोवर मनुष्य गेला त्याहून ही उंची अधिक होती. परंतु मॉर्सहेड यांना हिमदंश होऊन पुढे बोटांची टोके गमवावी लागली.

दुसऱ्या प्रयत्नासाठी फिंच यांच्याबरोबर जाण्यास अनुभवी गिर्यारोहकांपैकी कोणीही तंदुरुस्त उरले नव्हते. त्यांनी मोहिमेची वाहतूक सांभाळणारे तरुण लष्करी अधिकारी जेफ्री ब्रूस आणि गुरखा सैनिक तेजबीर बुरा यांना निवडले. ब्रूस यांनी त्यापूर्वी गिर्यारोहण केलेच नव्हते. बर्फावर चालणे, दोर सांभाळणे आणि प्राणवायूचा संच हाताळणे त्यांना तेथेच, चढता चढता शिकवण्यात आले.

२५ मे रोजी ते २३,००० फुटांवरील नॉर्थ कोल या खिंडीतून बारा भारवाहकांसह निघाले आणि सुमारे २५,५०० फुटांवर (७,७७० मीटर) उघड्या धारेवर त्यांनी छोटा तंबू ठोकला. भारवाहक खाली परतले. त्या रात्री वादळ सुरू झाले. वाऱ्याने तंबू उडून जाऊ नये म्हणून तिघेही रात्रभर त्याचे कापड धरून बसले होते. दुसरा दिवसही वादळातच गेला. अन्न संपत आले होते. २६ मे च्या संध्याकाळी बाहेर आवाज आला तेव्हा खालच्या तळावरील भारवाहक गरम पेयांचे थर्मास घेऊन वर आलेले होते, आणि थर्मास देऊन ते अंधारात परत उतरले. मोहिमांच्या इतिहासात त्यांची नावे फारशी येत नाहीत.

त्या रात्री थंडी आणि थकवा इतका वाढला की हातपाय बधिर होऊ लागले. तेव्हा फिंच यांनी नळकांडी तंबूत ओढून घेतली आणि तिघांनाही झोपेत थोडा थोडा प्राणवायू मिळेल अशी व्यवस्था केली. काही वेळातच अंगात ऊब परतली आणि सर्वांना झोप लागली. प्राणवायू फक्त चढण्यासाठी नसून शरीर गरम ठेवण्यासाठी आणि झोपेसाठीही उपयोगी आहे, ही त्या रात्रीची नोंद पुढच्या काळात महत्त्वाची ठरली. वरच्या छावणीत झोपताना कमी प्रवाहाने प्राणवायू घेण्याची प्रथा आज एव्हरेस्टवर सर्वत्र आहे.

२७ मे रोजी सकाळी साडेसहाला ते निघाले. सुमारे २६,००० फुटांवर तेजबीर यांची शक्ती संपली. त्यांना तंबूकडे परत पाठवून दोघांनी त्यांच्याजवळची नळकांडी आपल्यात वाटून घेतली. धारेवरचा वारा असह्य झाल्याने ते उत्तर भिंतीवर आडवे गेले. तेथे दोर न बांधता, उताराच्या दगडी थरांवरून ते चढत राहिले. थोड्या वेळाने ब्रूस यांच्या संचातील काचेची नळी फुटली आणि त्यांना प्राणवायू मिळेनासा झाला. फिंच यांनी त्यांना धरून एका कपारीवर बसवले आणि आपल्या संचाची नळी जोडून दोघांनाही वायू मिळेल असे केले. मग जवळच्या सुट्या भागांतून नवी नळी बसवली. राखीव सुटा भाग बरोबर नसता तर ब्रूस तेथून खाली आलेच नसते.

संच दुरुस्त झाला तरी ब्रूस यांची अवस्था पुढे जाण्याजोगी नव्हती. सुमारे २७,३०० फुटांवरून (८,३२० मीटर) फिंच यांनी परत फिरण्याचा निर्णय घेतला. मनुष्याने गाठलेली ती सर्वांत अधिक उंची होती. सामान वाहण्यास मदत मिळूनही, वादळात दोन रात्री काढल्यावर आणि नवख्या सोबत्याबरोबर त्यांनी आधीच्या तुकडीपेक्षा अधिक वेगाने चढाई केली होती. त्याच दिवशी ते थेट तिसऱ्या तळापर्यंत उतरले. ब्रूस यांच्या पायांना हिमदंश झाला होता.

मोहिमेचा शेवट दुःखद झाला. ७ जून रोजी नॉर्थ कोलकडे जाताना हिमकडा कोसळून सात भारवाहक मृत्युमुखी पडले. फिंच या तिसऱ्या प्रयत्नासाठी निघाले होते, परंतु थकव्यामुळे ते आधीच परत फिरले होते.

१९२४ मध्ये वगळणूक

प्राणवायूची उपयुक्तता सिद्ध झाल्यामुळे १९२४ च्या मोहिमेत फिंच यांचे स्थान निश्चित मानले जात होते. सुरुवातीला नव्या संचाच्या रचनेबाबत त्यांचा सल्लाही घेतला गेला. परंतु व्याख्यानांवरून वाद झाला. मोहिमेतील छायाचित्रे आणि व्याख्याने यांच्या उत्पन्नावर समितीने हक्क सांगितला होता. फिंच यांना स्वतःच्या छायाचित्रांवर युरोपात व्याख्याने द्यायची होती, आणि आपल्या कामावर दुसऱ्याने अनिश्चित काळ हक्क सांगावा हे त्यांना मान्य नव्हते. १९२४ च्या यादीत त्यांचे नाव आले नाही. त्यांना वगळल्याबद्दल मॅलरी नाराज होते आणि स्वतः जावे की नाही याविषयी काही काळ साशंक होते.

१९२४ मध्ये प्राणवायूचे संच पुन्हा गळके निघाले. या वेळी ते दुरुस्त करण्याचे काम अँड्र्यू आयर्व्हिन या बावीस वर्षांच्या विद्यार्थ्यावर पडले. ८ जून १९२४ रोजी मॅलरी आणि आयर्व्हिन प्राणवायू घेऊन वर गेले आणि परतले नाहीत. उपकरणे दुरुस्त करणारा सर्वांत अनुभवी माणूस त्या वेळी लंडनमध्ये आपल्या प्रयोगशाळेत होता.

त्याच वर्षी शामोनी येथील हिवाळी ऑलिंपिकमध्ये १९२२ च्या मोहिमेला गिर्यारोहणाचे पदक देण्यात आले. त्यात फिंच, तेजबीर बुरा आणि मृत भारवाहक यांचाही समावेश होता. म्हणजे ज्या मोहिमेसाठी त्यांना पदक मिळाले, तिच्या पुढच्या मोहिमेतून त्यांना वगळण्यात आले होते.

या काळातही फिंच यांनी आल्प्समधील चढाया सुरू ठेवल्या. १९२३ मध्ये दाँ देरां या शिखराच्या उत्तर भिंतीवर त्यांनी दोन सहकाऱ्यांसह नवी वाट शोधली. १९२४ मध्ये त्यांचे द मेकिंग ऑफ अ माउंटेनियर हे पुस्तक प्रसिद्ध झाले. १९२५ मध्ये एव्हरेस्टच्या प्रयत्नांवरील त्यांचे पुस्तक जर्मन भाषेत निघाले.

वैज्ञानिक कार्य

इंपिरिअल कॉलेजमध्ये फिंच यांनी प्रथम वायूंच्या विद्युत-ज्वलनाचा आणि नंतर इलेक्ट्रॉन विवर्तनाच्या साहाय्याने पृष्ठभागांच्या रचनेचा अभ्यास केला. इलेक्ट्रॉनांचा झोत पदार्थाच्या वरच्या काही थरांवरून परावर्तित करून अणूंची मांडणी कळते. धातूंचे घर्षण, वंगण आणि पातळ थर यांच्या अभ्यासात या पद्धतीचा मोठा उपयोग झाला. त्यांच्या प्रयोगशाळेतील इलेक्ट्रॉन विवर्तनाचा कॅमेरा त्यांच्या नावाने ओळखला गेला. १९३६ मध्ये ते उपयोजित भौतिक रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. १९३८ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व आणि १९४४ मध्ये सोसायटीचे ह्यूजेस पदक त्यांना मिळाले. दुसऱ्या महायुद्धात आग आणि आगलावे बाँब यांविषयी त्यांनी ब्रिटिश सरकारला सल्ला दिला. १९४७ ते १९४९ या काळात ते फिजिकल सोसायटीचे अध्यक्ष होते.

पुण्यातील काळ

लंडनमधून निवृत्त झाल्यावर १९५२ मध्ये, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, फिंच पुण्याला आले. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने पाषाण रस्त्यावर उभारलेल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन ३ जानेवारी १९५० रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते झाले होते. पहिले संचालक जेम्स विल्यम मॅकबेन यांच्यानंतर फिंच दुसरे संचालक झाले. संस्था अगदी नवी होती. इमारत उभी होती, पण संशोधनाच्या परंपरा घडायच्या होत्या. त्यांनी येथे इलेक्ट्रॉन विवर्तन आणि घनपदार्थांच्या रचनेच्या अभ्यासाला चालना दिली. फेराइट व मँगनाइट स्फटिकांतील विकृतीवर त्यांनी ए. पी. बी. सिन्हा आणि के. पी. सिन्हा यांच्यासमवेत लिहिलेला शोधनिबंध १९५७ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. घनस्थिती रसायनशास्त्रात त्याचा उल्लेख आजही होतो.

पुण्याच्या उत्तरेकडील औद्योगिक पट्टा त्या वेळी नुकताच आकार घेऊ लागला होता. पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि लवकरच तेथे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. चिखली, मोशी, तळवडे ही इंद्रायणीकाठची गावे मात्र अजून पूर्णपणे शेतीची होती. रसायनशास्त्र आणि उद्योग यांची सांगड घालण्याचा जो हेतू प्रयोगशाळेच्या स्थापनेमागे होता, तो या परिसरात प्रत्यक्षात येताना फिंच यांच्या कार्यकाळातच दिसू लागला.

ते पुण्यात असतानाच, २९ मे १९५३ रोजी, तेनझिंग नोर्गे आणि एडमंड हिलरी यांनी एव्हरेस्टचा माथा गाठला. दोघांच्याही पाठीवर प्राणवायूचे संच होते आणि ते खुल्या पद्धतीचे, म्हणजे बाहेरची हवा व नळकांड्यातील वायू एकत्र घेण्याच्या, फिंच यांनी ३१ वर्षांपूर्वी वापरलेल्या तत्त्वावरच चालणारे होते. अंगावर पिसांचे कपडेही होते. १९५७ मध्ये फिंच यांनी संचालकपद सोडले आणि के. वेंकटरमण हे प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले.

कौटुंबिक जीवन

फिंच यांचे वैयक्तिक जीवन दीर्घकाळ अस्थिर होते. त्यांचा पहिला विवाह १९१५ मध्ये झाला आणि १९२० मध्ये घटस्फोट झाला. या विवाहकाळात जन्मलेला मुलगा पीटर फिंच (१९१६–१९७७) पुढे प्रसिद्ध अभिनेता झाला. नेटवर्क या चित्रपटातील भूमिकेसाठी त्याला मरणोत्तर ऑस्कर पुरस्कार मिळाला. पीटरचे बालपण आजी लॉरा हिच्याकडे गेले, आणि वडिलांशी त्याचे नाते दुरावलेलेच राहिले. दुसरा विवाह अल्पकाळ टिकला. १९२१ मध्ये ॲग्नेस जॉन्स्टन यांच्याशी झालेला तिसरा विवाह मात्र अखेरपर्यंत टिकला. त्यांना तीन मुली झाल्या.

उत्तरायुष्य आणि प्रभाव

इंग्लंडला परतल्यावर १९५९ ते १९६१ या काळात फिंच अल्पाइन क्लबचे अध्यक्ष होते. ज्या वर्तुळाने एकेकाळी त्यांना बाहेर ठेवले, त्याच वर्तुळाचे अध्यक्षपद त्यांना सत्तरी ओलांडल्यावर मिळाले. २२ नोव्हेंबर १९७० रोजी ऑक्सफर्डशायरमधील अपर हेफर्ड येथे त्यांचे निधन झाले.

पिसांच्या कोटाचे श्रेय बरेचदा अमेरिकेतील एडी बावर यांना दिले जाते. बावर यांनी १९३० च्या दशकात असे कोट बाजारात आणले आणि १९४० मध्ये त्याचे पेटंट घेतले. फिंच यांचा कोट त्याआधीचा होता, परंतु त्यांनी त्याचे पेटंट घेतले नाही व तो विकलाही नाही. १९२२ नंतरही ब्रिटिश मोहिमांनी पिसांचे कपडे लगेच स्वीकारले नाहीत. १९२४ मध्ये मॅलरी वर गेले ते लोकर, रेशीम आणि सुती कापडाच्या थरांत.

महाराष्ट्रातील एव्हरेस्ट मोहिमांचा इतिहास फिंच यांच्या पुण्यातील वास्तव्यानंतर चार दशकांनी सुरू झाला. १९९८ मध्ये सुरेंद्र चव्हाण यांनी एव्हरेस्ट सर केले आणि १९ मे २०१२ रोजी पुण्यातील गिरिप्रेमी या संस्थेच्या आठ गिर्यारोहकांनी एकाच दिवशी माथा गाठला. पिंपरी-चिंचवड आणि पुण्यातून आज हिमालयात जाणाऱ्या पदभ्रमणकर्त्यांच्या पिशवीत सर्वांत वर ठेवलेली वस्तू बहुधा गुंडाळलेला, टाके घातलेला पिसांचा कोट असते.